किडनी बदलली, पुढे काय? प्रत्यारोपण किती वर्षं टिकतं आणि ते कशामुळे फसतं?

'ग्रीन कॉरिडॉर करून अवयव पोहोचवला, शस्त्रक्रिया यशस्वी.' अशी बातमी अधूनमधून सगळ्यांच्याच मोबाइलवर येते. रुग्णवाहिकेचा व्हीडिओ फिरतो, दात्याच्या कुटुंबाला लोक हात जोडतात आणि विषय तिथंच संपतो.

रुग्णासाठी मात्र खरी गोष्ट त्या दिवशी सुरू होते. नवीन किडनी, यकृत किंवा हृदय किती वर्षं साथ देईल? ते कशावर अवलंबून असतं? त्यातलं नशिबाच्या हातात किती आणि माणसाच्या हातात किती?

प्रत्यारोपणाचा सल्ला मिळालेल्या प्रत्येक घरात हे प्रश्न विचारले जातात. भारतात सर्वाधिक प्रत्यारोपणं किडनीची होतात, त्यामुळे मुख्यतः किडनीच्या उदाहरणातून हे समजून घेऊया.

'यशस्वी' म्हणजे नेमकं काय?

डॉक्टर यश दोन प्रकारे मोजतात. एक, रुग्ण किती वर्षं जगला. दोन, बसवलेला अवयव किती वर्षं चालला.

किडनीच्या बाबतीत हे दोन आकडे वेगळे असतात. बसवलेली किडनी बंद पडली तरी रुग्ण डायलिसिसवर जगू शकतो आणि पुन्हा प्रत्यारोपणही होऊ शकतं. हृदय, फुफ्फुस किंवा यकृताच्या बाबतीत असा पर्याय जवळपास नसतो. अवयव बंद पडला तर जीवच धोक्यात येतो.

पहिल्या वर्षाचे निकाल आज खूप चांगले आहेत. अमेरिकेतल्या नोंदींनुसार जिवंत दात्याकडून घेतलेल्या 100 किडन्यांपैकी 95 हून अधिक एका वर्षानंतर काम करत असतात. मृत दात्याकडून आलेल्या किडन्यांमध्येही हे प्रमाण 90 च्या वर आहे.

पण लांब पल्ल्याचा हिशोब वेगळा आहे. 2014 ते 2017 या काळात अमेरिकेत झालेल्या प्रत्यारोपणांचा अभ्यास सांगतो की, मृत दात्याची किडनी साधारण 11.7 वर्षं आणि जिवंत दात्याची किडनी साधारण 19.2 वर्षं टिकेल असा अंदाज आहे. याचा अर्थ निम्म्या किडन्या त्याआधी थांबतील आणि निम्म्या त्यानंतरही चालतील. 1995 ते 1999 मध्ये हेच आकडे 8.2 आणि 12.1 वर्षं होते. म्हणजे सुधारणा मोठी आहे, पण एकदा बसवलेली किडनी जन्मभर पुरेलच असं नाही.

इतर अवयवांचं काय? हृदय प्रत्यारोपणानंतर निम्मे रुग्ण साधारण 12 वर्षांहून जास्त जगतात. यकृताचे निकालही चांगले आहेत, सुमारे तीन चतुर्थांश रुग्ण पाच वर्षांचा टप्पा पार करतात. सगळ्यात अवघड फुफ्फुस. निम्मे रुग्ण साधारण सहा वर्षांच्या पुढे जातात. याचं एक कारण सरळ आहे. फुफ्फुस हा प्रत्येक श्वासाबरोबर बाहेरच्या हवेशी, धुळीशी आणि जंतूंशी थेट संपर्कात येणारा अवयव आहे.

शरीर नवा अवयव का नाकारतं?

23 डिसेंबर 1954 रोजी अमेरिकेतल्या बोस्टन शहरात डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक यांची किडनी त्यांचा भाऊ रिचर्ड यांना बसवली. हे जगातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण मानलं जातं. रिचर्ड त्यानंतर आठ वर्षं जगले. ते यशस्वी होण्याचं कारण म्हणजे दोघे हुबेहूब जुळे भाऊ होते. रिचर्ड यांच्या शरीराला ती किडनी परकी वाटलीच नाही.

बाकी सगळ्यांच्या बाबतीत ती परकी वाटते. आपल्या पेशींवर एचएलए नावाची प्रथिनं असतात. ती पेशींच्या ओळखपत्रासारखी काम करतात. पांढऱ्या पेशी हे ओळखपत्र तपासतात आणि ते जुळलं नाही तर त्या पेशीला शत्रू समजून हल्ला करतात. यालाच 'रिजेक्शन' म्हणतात. ज्या यंत्रणेमुळे आपण जंतूंपासून वाचतो, तीच यंत्रणा इथे आड येते.

त्यामुळे ही यंत्रणा औषधांनी थोडी दाबून ठेवावी लागते. 1983 मध्ये अमेरिकेत सायक्लोस्पोरिनला मान्यता मिळाली आणि प्रत्यारोपणाचं चित्र बदललं. हे औषध मातीतल्या एका बुरशीपासून मिळालं होतं. पुढे जपानच्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून टॅक्रोलिमस मिळालं. आज बहुतेक किडनी रुग्ण टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड अशा तीन औषधांवर असतात.

खरी कसरत इथेच आहे. औषध कमी पडलं तर रिजेक्शन, जास्त झालं तर संसर्ग. प्रत्यारोपणानंतरचं अख्खं आयुष्य या दोन टोकांमधला तोल सांभाळण्यात जातं.

ऑपरेशनच्या आधीच ठरणाऱ्या गोष्टी

दाता कोण आहे? जिवंत दात्याची किडनी सहसा जास्त टिकते. दात्याची पूर्ण तपासणी झालेली असते, शस्त्रक्रिया ठरवून होते आणि किडनी काही तासांतच रुग्णाच्या शरीरात पोहोचते. दाता वयस्कर असेल, त्याला उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर किडनीचं आयुष्य कमी होऊ शकतं.

अवयव किती वेळ बर्फात होता? शरीराबाहेर काढलेला अवयव थंड द्रावणात ठेवतात, पण घड्याळ चालूच असतं. हृदयाला साधारण 4 ते 6 तास मिळतात, फुफ्फुसांना 6 ते 8, यकृताला 8 ते 12 आणि किडनीला 24 ते 36 तास. ग्रीन कॉरिडॉर हृदयासाठी इतका महत्त्वाचा का असतो, ते यावरून कळतं. किडनीला वेळ जास्त मिळत असला तरी जितका उशीर, तितकी ती सुरुवातीला सुस्त राहण्याची शक्यता वाढते.

जुळणी किती आहे? आई किंवा वडिलांशी मुलाची एचएलए जुळणी निम्मी असतेच. भावंडांमध्ये मात्र चिठ्ठी टाकल्यासारखं असतं. पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्के, निम्मं जुळण्याची 50 टक्के आणि अजिबात न जुळण्याची 25 टक्के. जुळणी चांगली असेल तर फायदा होतो, पण आजच्या औषधांमुळे कमी जुळणीतही प्रत्यारोपण होतं. पती-पत्नींमध्ये होणारी प्रत्यारोपणं हे त्याचंच उदाहरण.

रुग्णाच्या रक्तात आधीच प्रतिपिंडं आहेत का? ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. आधी रक्त चढवलं असेल, आधी प्रत्यारोपण झालं असेल किंवा गरोदरपण झालं असेल, तर शरीराने दुसऱ्याच्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडं तयार केलेली असू शकतात. गरोदरपणात बाळाकडे वडिलांची अर्धी ओळखपत्रं असतात आणि आईचं शरीर ती लक्षात ठेवू शकतं. म्हणून पत्नीची किडनी पतीला चालते, पण पतीची किडनी पत्नीला देताना अडचण येऊ शकते.

हे तपासण्यासाठी 'क्रॉसमॅच' चाचणी करतात. दात्याच्या पेशी आणि रुग्णाचं रक्तद्रव एकत्र करून प्रतिक्रिया होते का ते पाहतात. ही चाचणी नसताना काही किडन्या शस्त्रक्रियेच्या टेबलावरच काही मिनिटांत काळ्यानिळ्या पडत. आज क्रॉसमॅचमुळे असे प्रकार अत्यंत दुर्मीळ झाले आहेत.

डायलिसिसवर किती वर्षं गेली? डायलिसिसची वर्षं वाढतात तसं हृदय आणि रक्तवाहिन्यांचं नुकसान वाढत जातं, आणि प्रत्यारोपणाचा निकालही खालावतो. म्हणूनच योग्य दाता असेल तर डायलिसिस सुरू होण्याआधीच प्रत्यारोपणाचा विचार डॉक्टर सुचवतात.

याशिवाय रुग्णाचं वय, मधुमेह, हृदयविकार, लठ्ठपणा आणि तंबाखू यांचाही परिणाम होतो. वय किंवा जुना आजार बदलता येत नाही. तंबाखू मात्र ऑपरेशनच्या आधी सोडता येते, आणि सोडावीच लागते.

पहिलं वर्ष सगळ्यात नाजूक का असतं?

बऱ्याच जणांना वाटतं की, खराब किडनी काढून तिथे नवी बसवतात. प्रत्यक्षात जुन्या किडन्या सहसा जागेवरच ठेवतात आणि नवी किडनी ओटीपोटात, कमरेच्या हाडाजवळ बसवतात. अनेकदा ती टेबलावरच लघवी तयार करू लागते. काही वेळा, विशेषतः मृत दात्याच्या किडनीत, ती सुरू व्हायला वेळ लागतो आणि मधले काही दिवस डायलिसिस करावं लागतं. त्याचा अर्थ प्रत्यारोपण फसलं असा नाही, पण अशा किडनीवर जास्त लक्ष ठेवावं लागतं.

पहिल्या काही महिन्यांत रिजेक्शनचा धोका सर्वाधिक असतो. किडनीचं रिजेक्शन बहुतेक वेळा दुखत नाही. ताप, लघवी कमी होणं, पायावर सूज, वजन अचानक वाढणं ही लक्षणं दिसू शकतात, पण अनेकदा काहीच दिसत नाही. फक्त रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं. म्हणून 'मला तर बरं वाटतंय' म्हणून तपासणी टाळणं महागात पडतं. वेळेत कळलं तर बायोप्सी करून बहुतेक तीव्र रिजेक्शनवर उपचार करता येतात.

संसर्गाचंही एक वेळापत्रक असतं. पहिल्या महिन्यात जखम, लघवीची नळी आणि रुग्णालयातले जंतू. दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात, म्हणजे प्रतिकारशक्ती सर्वाधिक दाबलेली असताना, सीएमव्ही आणि बीके यांसारखे विषाणू डोकं वर काढतात. एरवी ते अनेकांच्या शरीरात गुपचूप पडून असतात. त्यानंतर सर्वसाधारण फ्लू, न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग यांचा धोका राहतो.

भारतात यात क्षयरोगाची भर पडते. शरीरात दबून असलेला क्षय प्रतिकारशक्ती कमी होताच जागा होऊ शकतो. त्यात आणखी एक पेच आहे. क्षयावरचं महत्त्वाचं औषध रिफाम्पिसिन हे टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण झपाट्याने खाली आणतं. म्हणजे क्षय बरा करायला जावं तर किडनी धोक्यात. त्यामुळे खोकला किंवा बारीक ताप लांबला, तर जवळच्या दवाखान्यातून परस्पर औषध घेण्याआधी प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांना कळवणं गरजेचं असतं.

पुढच्या वर्षांमध्ये काय बिघडतं?

पहिलं वर्ष निभावलं की धोका संपत नाही, त्याचं रूप बदलतं.

प्रतिकारशक्तीचा हल्ला अगदी सावकाश, वर्षानुवर्षं सुरू राहू शकतो. त्यामुळे किडनीत हळूहळू व्रण तयार होतात आणि ती आकसते. हृदयात याच प्रकारामुळे रक्तवाहिन्या अरुंद होतात. प्रत्यारोपित हृदयाच्या नसा तुटलेल्या असल्याने छातीत दुखण्याचा इशाराही अनेकदा मिळत नाही, म्हणून ठरलेल्या वेळी तपासण्या कराव्याच लागतात. फुफ्फुसात बारीक श्वासनलिका बंद होत जातात.

औषधांचेही स्वतःचे दुष्परिणाम असतात. स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमसमुळे आधी मधुमेह नसलेल्यालाही तो होऊ शकतो. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल वाढू शकतं. टॅक्रोलिमस जास्त झालं तर ते किडनीलाच इजा करतं. ज्या औषधाने किडनी वाचते, तेच प्रमाण चुकल्यास तिला बिघडवतं.

कर्करोगाचा धोकाही सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा साधारण दोन ते चार पट असतो, कारण बिघडलेल्या पेशी वेळीच टिपणारी यंत्रणा दाबलेली असते.

आणि अनेक रुग्णांच्या बाबतीत किडनी शेवटपर्यंत चालूच असते, मृत्यू हृदयविकाराने किंवा संसर्गाने होतो. म्हणूनच रक्तदाब, साखर, वजन आणि मीठ यांवर डॉक्टर इतका भर देतात. किडनी टिकवायची तर हृदयही टिकवावं लागतं.

एक गोळी चुकली तर काय होतं?

औषधं नियमित न घेणं हे किडनी गमावण्याचं एक मोठं आणि टाळता येणारं कारण आहे. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की, औषधं नियमित न घेणाऱ्यांमध्ये किडनी निकामी होण्याची शक्यता नियमित घेणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे सातपट होती.

लोक औषधं का सोडतात? काहींना वाटतं, आता आपण बरे झालो. काहींना चेहरा सुजणं, केस गळणं, हात थरथरणं नकोसं होतं. किशोरवयीन मुलांमध्ये हे प्रमाण जास्त दिसतं. आणि भारतात सगळ्यात मोठं कारण अनेकदा पैसा असतो. ऑपरेशनसाठी योजना, देणग्या, नातेवाईक उभे राहतात. दर महिन्याच्या औषधांसाठी मात्र घरालाच उभं राहावं लागतं. त्यामुळे प्रत्यारोपणाचा खर्च ठरवताना पुढच्या अनेक वर्षांच्या औषधांचा आणि तपासण्यांचा हिशोब आधीच करणं शहाणपणाचं ठरतं.

काही साध्या गोष्टींचाही मोठा फरक पडतो:

- ग्रेपफ्रूटमुळे टॅक्रोलिमसचं रक्तातलं प्रमाण धोकादायक वाढू शकतं. त्याच जातकुळीतलं पपनसही टाळायला सांगतात.
- दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या किडनीला इजा करू शकतात. काही अँटिबायोटिक्स आणि बुरशीवरची औषधं टॅक्रोलिमसचं प्रमाण वाढवतात.
- 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' काढे आणि चूर्णं इथे उलटा परिणाम करू शकतात. या रुग्णाची प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी ठेवलेली असते. व्हॉट्सॲपवर आलेला कोणताही उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.
- टॅक्रोलिमसच्या रक्ततपासणीच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची असते. आधी घेतली तर आकडा चुकीचा येतो.
- जिवंत जंतू असलेल्या लसी प्रत्यारोपणानंतर टाळतात, म्हणून आवश्यक लसीकरण शक्यतो आधीच करून घेतात.

मग डायलिसिसच बरं नाही का?

इतके धोके वाचल्यावर हा प्रश्न पडणं साहजिक आहे. त्याचं उत्तर 1999 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून मिळतं. त्यात प्रत्यारोपण झालेल्यांची तुलना प्रतीक्षायादीत राहून डायलिसिस घेणाऱ्यांशी केली होती.

पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्यारोपण झालेल्यांच्या मृत्यूचा धोका 2.8 पट होता, कारण मोठं ऑपरेशन आणि जोरदार औषधं. पण काही महिन्यांत हे चित्र उलटलं. दीर्घकाळात प्रत्यारोपण झालेल्या वेगवेगळ्या गटांमध्ये मृत्यूचं प्रमाण 48 ते 82 टक्क्यांनी कमी आढळलं. ज्यांना प्रत्यारोपण झेपू शकतं, त्यांच्यासाठी ते बहुतेक वेळा जास्त आयुष्य देतं. शिवाय आठवड्यातून दोन-तीन वेळा मशीनला जोडून घेण्यातून सुटका होते, ती वेगळी.

देणाऱ्याचं काय?

जिवंत दात्याचा धोका लहान आहे, पण शून्य नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात किडनीदानानंतर 90 दिवसांत मृत्यूचं प्रमाण 10,000 दात्यांमागे सुमारे 3 होतं. दुसऱ्या एका अभ्यासानुसार, दात्याला आयुष्यात कधीतरी किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका 10,000 मागे 90 होता. तितक्याच निरोगी पण दान न केलेल्या लोकांमध्ये तो 14 होता. आणि कोणतीही तपासणी न केलेल्या सर्वसाधारण लोकांमध्ये 326. म्हणजे दात्याचा धोका वाढतो, तरी तो सर्वसाधारण माणसापेक्षा कमी राहतो, कारण निवडतानाच निरोगी व्यक्ती निवडलेली असते. यकृताचा भाग देणं ही त्याहून मोठी शस्त्रक्रिया असते आणि तिचा धोकाही जास्त असतो.

इथे भारतातलं एक वास्तव नजरेआड करता येत नाही. 1995 ते 2021 या काळात देशात नोंद झालेल्या 36,640 प्रत्यारोपणांपैकी 29,695 पुरुषांसाठी होती आणि 6,945 महिलांसाठी. जिवंत दात्यांमध्ये मात्र बायकांची संख्या जास्त असते. आई देते, बायको देते, बहीण देते. तिला अवयवाची गरज पडते तेव्हा घर तेवढ्याच तयारीने उभं राहतं का, हा प्रश्न वैद्यकीय नाही, घरातला आहे.

भारतात अडचण कुठे आहे?

प्रत्यारोपणाच्या इतिहासात मुंबईचं नाव जुनं आहे. जगातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण डिसेंबर 1967 मध्ये केपटाऊनला झालं आणि फेब्रुवारी 1968 मध्ये केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी तसा प्रयत्न केला. रुग्ण काही तासच जगला, पण वाट दिसली. 1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा सुरुवातीला लागू झाला त्या राज्यांमध्ये महाराष्ट्र आणि गोवा होते. याच कायद्याने मेंदूमृत्यूला मान्यता मिळाली.

2013 मध्ये देशात 4,990 प्रत्यारोपणं झाली होती, 2023 मध्ये 18,378. त्यात 13,426 किडनीची होती. पण त्या वर्षी मृत दाते होते फक्त 1,099. एक मृत दाता दोन किडन्या, यकृत, हृदय आणि फुफ्फुसं देऊ शकतो. मृत दाते कमी म्हणून भार घरातल्या जिवंत दात्यांवर येतो, आणि ज्यांच्या घरात जुळणारा दाता नाही त्यांची डायलिसिसवरची वर्षं वाढत जातात. ती वर्षं पुढच्या प्रत्यारोपणाच्या निकालातूनही वजा होतात.

महाराष्ट्रात मृत दात्यांचे अवयव कोणाला मिळणार, हे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समित्यांच्या प्रतीक्षायादीनुसार ठरतं. यादीत नाव रुग्णालयामार्फत नोंदवलं जातं.

डॉक्टरांना काय विचारावं?

प्रत्यारोपणाचा निर्णय घेण्याआधी हे प्रश्न लिहून न्यावेत:

- या रुग्णालयात पहिल्या आणि पाचव्या वर्षानंतर किती रुग्णांचा अवयव चालू असतो?
- रुग्णाच्या रक्तात आधीची प्रतिपिंडं आहेत का? क्रॉसमॅच काय सांगते?
- रक्तगट जुळत नसेल तर दुसऱ्या कुटुंबाशी अदलाबदल, म्हणजे स्वॅप, शक्य आहे का?
- दर महिन्याची औषधं आणि तपासण्यांचा खर्च किती? कोणत्या योजनेतून किती मिळेल?
- दात्याची तपासणी पुढे किती वर्षं आणि कुठे होणार?
- रात्री ताप आला किंवा उलटीत गोळी पडली, तर फोन कोणाला करायचा?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण अशा रुग्णाचा ताप सकाळपर्यंत थांबवून ठेवायचा नसतो. तो फोन नंबर फ्रिजवर चिकटवलेला असावा.